जुन्नरचा ऊस, मामाची गाय आणि वाघाटी

२६ जानेवारी सोमवारी आली की नोकरदार माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही, त्यात मामाचा फोन आला होता की शेजारच्या शेताची तोड चालू झालीय, रात्री बांधावर मांजरासारखं काहीतरी फिरतं, मांजर नक्की नाही, तुझा तो मोठा कॅमेरा घेऊन ये. वाघाटी असेल, म्हणजे एक छोटं रानमांजर, असा माझा अंदाज. मामाचं गाव ओतूरच्या पुढे, जुन्नर तालुक्यात. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. मी प्राण्यांतला तज्ज्ञ वगैरे काही नाही, ताडोबाला दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा जिप्सीत माझ्या पुढे एक उंच गृहस्थ बसले होते, एवढीच माझी पात्रता.

शुक्रवार

डोंबिवलीहून पाच वाजता निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसहाला. मुरबाडपर्यंतच्या ट्रॅफिकबद्दल न बोललेलं बरं. टोकावड्याला चहा प्यायलो, तिथपर्यंत एसी चालू होता आणि माळशेज चढून वर आलो तर काचा बंद करून हीटर. घाटमाथ्यावरची थंडी जानेवारीत खरंच वेगळी असते, मुलगी तोंडातून वाफ काढून दाखवत होती. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी उजाडलेलं असतं तर दिसलं असतं, तिथे रोहित पक्षी येतात, पण त्या अंधारात नुसता काळा पट्टा.

डिंगोरे सोडल्यावर एका ठिकाणी दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये रस्ता, तिथे हेडलाईटमध्ये काहीतरी डावीकडून उजवीकडे गेलं. मी ब्रेक मारला. बायको म्हणाली मांजराचं पिल्लू होतं, जाऊ दे, वाचलं बिचारं. मलाही तेच वाटलं. लहान, करड्या रंगाचं, अगदी जमिनीला चिकटून पळालं. मुलगी मागून म्हणाली, बाबा त्याची शेपटी जाड होती. मी म्हटलं थंडीने फुगली असेल. हे वाक्य पुढच्या चार दिवसांत मला किती वेळा ऐकवलं गेलं ते विचारू नका.

मामाच्या अंगणात गाडी गोठ्याकडे तोंड करून लावली. डॅशकॅम नवीनच बसवला होता, तो मी पार्किंग मोडला टाकला, म्हणजे गाडी बंद असतानाही समोर काही हललं की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं. मामाला मोठ्या अभिमानाने दाखवलं पण. मामा म्हणाला, इथं तुझ्या गाडीला कोण हात लावतंय, लावला तर बिबट्या लावंल.

जेवताना मी मामींना विचारलं, तुम्ही वाघाटी बघितलीय का हो? तर म्हणाल्या, आत्ता कुठली रे, ती आषाढात येती, बारशीला करत्यात भाजी. आमचं दोन मिनिटं असंच चाललं होतं. वाघाटीचा वेल असतो, त्याच्या फळांची भाजी आषाढी एकादशीचा उपास सोडताना करतात, वेलाचे काटे वाघनखासारखे आत वळलेले म्हणून वाघाटी. आणि मांजराला वाघाटी म्हणतात ते वाघासारखं दिसतं म्हणून. दोन्हींचा एकमेकांशी संबंध फक्त नावापुरता, पण मामी झोपेपर्यंत हसत होत्या, भाजीचा फोटो काढायला एवढा कॅमेरा आणलाय म्हणून.

(यायचं असेल तर: कल्याणकडून माळशेजमार्गे, पुण्याकडून नाशिक हायवेने नारायणगावपर्यंत, तिथून जुन्नर नाहीतर ओतूर. घाट शक्यतो उजेडात चढा. आणि आत वस्तीवरच्या रस्त्यांना रात्री चाळीसच्या वर जाऊ नका, कारण वर सांगितलंच.)

शनिवार

सकाळी सात वाजता अंगणातून कोयत्यांचा आवाज येत होता. शेजारच्यांचा दोन एकर फड, अर्धा तुटलेला. टोळी बीड जिल्ह्यातली, आष्टीकडची, दिवाळीनंतर आलेली. कडेला त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या, टायरच्या बैलगाड्या, पहाटे तीनला उठून स्वयंपाक करून आलेल्या बायका. नारायणगावला तमाशा पंढरी म्हणतात, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव, त्यामुळे या भागात फड म्हटलं की दोन अर्थ होतात, आणि दोन्ही फड घर सोडून सहा सहा महिने फिरणाऱ्या माणसांच्या जिवावर चालतात, असं मामा म्हणाला. तो असं मधूनच बोलतो.

साधारण साडेनऊला आरडाओरडा झाला. आम्ही पोहे तसेच टाकून पळालो. पाचटाखाली एका खळग्यात दोन पिल्लं होती. टोळीतल्या एका बाईला मोळी बांधताना दिसली. मुठीत मावतील अशी, डोळे उघडलेले, अंगावर काळपट ठिपक्यांच्या ओळी, आणि तोंड उघडून फिस्स करत होती, आवाज मात्र येत नव्हता. दहा मिनिटांत वस्तीवरची पंचवीस-तीस माणसं गोळा. प्रत्येकाचा मोबाईल बाहेर. "बिबट्याची पिल्लं" म्हणून स्टेटस लागले, एकाने तर मागे ढोलाचं म्युझिकसुद्धा टाकलं. लोक घाबरलेही होते, आणि ते चूक म्हणता येणार नाही, या तालुक्यात बिबट्याने माणसं मारलीयत, पिल्लं सापडली म्हणजे मादी जवळच असणार हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं.

ज्या बाईला पिल्लं सापडली ती मात्र शांत होती. म्हणाली, "ह्ये बिबट्याचं न्हाई. बिबट्याचं पिल्लू एवढं ऱ्हातंय, गेल्या साली बघितलंय म्या." तिने हाताने माप दाखवलं. कोणी ऐकलं नाही तिचं. एक जण म्हणाला मग बोक्याची असतील, घरी घेऊन जातो, उंदीर झालेत फार. म्हणजे पाच मिनिटांपूर्वी बिबट्या आणि आता बोका, मधलं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच नाही. माझ्याही नव्हतं, खोटं कशाला बोलू, मी वाघाटी बघायला आलो होतो आणि समोर वाघाटीची पिल्लं असताना मी "बिबट्या की मांजर" यातच अडकलो होतो.

मामाने फॉरेस्टच्या ओळखीच्या गार्डला फोन लावला. (ओळख नसली तर १९२६ हा वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट नंबर आहे, सेव्ह करून ठेवा.) पाऊण तासात गार्ड आला, बाईकवर, मागे एक तरुण पोरगा, त्याच्या पाठीवर सॅक. आल्या आल्या आधी सगळ्यांना पन्नास पावलं मागे घेतलं. मग हातमोजे घालून एक पिल्लू उचललं, तोंड आमच्याकडे केलं आणि म्हणाला, "कपाळ बघा. डोळ्यांच्या आतल्या बाजूने वर दोन पांढऱ्या रेघा. डोक्यावरून मानेकडे चार काळ्या पट्ट्या. वाघाटी आहे ही."

मग त्याने जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो, थोडं नंतर घरी वाचलेलं पण त्यात मिसळलंय.

वाघाटी हे आशियातलं सगळ्यात लहान रानमांजर. जगात तिच्या तोडीचं लहान एकच, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचं काळ्या पायांचं मांजर. पूर्ण वाढलेली वाघाटी ९०० ग्रॅम ते १.६ किलो भरते, आपलं घरचं मांजर तीन-चार किलोचं असतं, म्हणजे मोठी झालेली वाघाटीसुद्धा आपल्याला मांजराचं अर्धवट वाढलेलं पिल्लू वाटणार. (इथे मुलीने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.) अंग ३५ ते ४८ सेंटीमीटर, शेपटी त्याच्या साधारण निम्मी, जाडसर आणि बहुतेक बिनठिपक्याची. अंगाचा रंग करडा तपकिरी आणि त्यावर गंजासारखे तांबूस ठिपके, तिच्या शास्त्रीय नावातल्या रुबिजिनोसस या शब्दाचा अर्थच गंजलेल्या रंगाची. पोट पांढरं, त्यावर मोठे गडद ठिपके. पायांचे तळवे काळे. हे नाव १८३१ मध्ये एका फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने दिलं, पाँडिचेरीहून गेलेल्या एका नमुन्यावरून. ती फक्त भारतात, श्रीलंकेत आणि नेपाळच्या तराईत सापडते, बाकी जगात कुठेच नाही. आणि वाघाटी हे नाव काही ठिकाणी बिबट-मांजरालाही लावतात, ते वेगळं, अंगाने मोठं आणि शेपटीवरही ठिपके असलेलं, त्यामुळे गावोगावच्या गोष्टी ऐकताना जरा चौकशी केलेली बरी.

आणि ठिपक्यांचा घोटाळा का होतो तेही कळलं. पिल्लं जन्मतात तेव्हा ठिपके काळे असतात, गंजाचा रंग नंतर येतो. म्हणजे ऊसतोडीत ज्या वयाची पिल्लं सापडतात त्याच वयात ती सगळ्यात जास्त बिबट्यासारखी दिसतात. फरक मापाचा. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं, वाघाटीचं शंभर ग्रॅमच्याही आत. त्या पोराने सॅकमधून छोटा काटा काढून वजन केलं, दोन्ही पाव किलोच्या आत. महिन्याच्या आतली असतील म्हणाला. कानामागच्या दोन गोचिड्या चिमट्याने काढल्या.

मी त्या बाईला जाऊन म्हटलं, ताई, तुमचंच खरं निघालं. ती म्हणाली, "खरं निगून काय करता दादा, काम थांबलंय न्हवं." आणि हा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे, असल्या बातम्यांत तो कधी येत नाही. टोळीला पैसे टनावर मिळतात. पिल्लं सापडली, काम थांबलं, म्हणजे त्या दिवसाचा टन गेला, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तर आधीच घेतलेली असते. मुकादम चिडला होता, गार्डशी बराच वेळ हुज्जत घालत होता, शेवटी असं ठरलं की खळग्याच्या आजूबाजूचा दहा-बारा सऱ्यांचा पट्टा सकाळपर्यंत तसाच ठेवायचा आणि टोळीने दुसऱ्या टोकाने सुरुवात करायची. फडाच्या मालकाला ते पटवायला मामाला दोन चहा लागले.

पिल्लं नेत का नाहीत, माणिकडोहला तर बिबट्यांसाठी एवढं निवारा केंद्र आहे, असं मी विचारलं. गार्ड म्हणाला, नेलं की संपलं. माणसाने वाढवलेली वाघाटी शिकार शिकत नाही, मग ती जन्मभर पिंजऱ्यात. आई जवळच कुठेतरी बसलेली आहे, दिवसा ती हलणार नाही, अंधार पडला की येईल. म्हणून संध्याकाळी पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची, झाकण असं की आईला उघडता येईल, आणि माणसांनी तिथून जायचं. बिबट्याच्या पिल्लांच्या बाबतीत या भागात हे कित्येक वर्षं करतात, त्याच पद्धतीने वाघाटीची आणि बाऊल म्हणजे रानमांजराची पिल्लंही आईकडे गेलीयत.

दिवसभर पिल्लं मामाच्या पडवीत, टोपलीवर गोणपाट टाकून ठेवली होती. बघायला येणाऱ्यांना मामी परस्पर कटवत होत्या, "झोपल्यात, उद्या या" असं, जसं काही सुनेची बाळंतपणाची खोली. मुलीला त्यांनी दारापाशी राखणीला बसवलं. तिनेही कुणाला आत सोडलं नाही, मला पण.

दुपारी मासवडी. खरं तर हे आधी लिहायला पाहिजे होतं. मासवडीत मासा नसतो, बेसन शिजवून फडक्यावर थापायचं, आत तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण भरून गुंडाळी करायची आणि कापायची, कापलेली वडी माशाच्या तुकडीसारखी दिसते. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. हायवेवरच्या हॉटेलात मिळते ती पण चांगली असते, पण तिथल्या सारणात तीळ कमी घालतात असं माझं स्पष्ट मत झालंय.

संध्याकाळी सहाला गार्ड परत आला. क्रेट ठेवला, समोर बांबूला कॅमेरा ट्रॅप बांधला आणि सगळ्यांना घरी हाकललं. मी विचारलं गच्चीवरून बघू का, लांब लेन्स आहे माझ्याकडे. म्हणाला बघा की, टॉर्च मारायचा नाही, गच्चीवरून उतरायचं नाही. मी दोन गोधड्या घेऊन साडेआठ ते अकरा गच्चीवर. काय दिसलं? अंधार दिसला. लाखभराची लेन्स आणि अंधार. ऊस वाऱ्याने सळसळला की काळजाचा ठोका चुकायचा. लांब कोल्हे ओरडले. अकराला पाय बधीर झाले आणि मी खाली उतरलो.

(टीप: गार्डला सोडून कोणीही पिल्लांना हात लावायचा नाही, दूध पाजायचं नाही, गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात. आणि वाघाटी कायद्याने वाघ-बिबट्यांच्याच पहिल्या अनुसूचीत आहे, "घरी नेतो, उंदीर झालेत" म्हणणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो.)

रविवार

सकाळी सातला गार्ड हजर. क्रेट रिकामा. मोबाईलला कार्ड लावून त्याने आम्हाला क्लिप दाखवल्या, मामी, मुलगी, मी, बायको, आणि मागून मान काढून ती टोळीतली बाई, सगळे एवढ्याशा स्क्रीनवर.

रात्री ९:४० ला ती येते. काळीपांढरी क्लिप, आवाज नाही. क्रेटभोवती एक फेरी मारते आणि निघून जाते. मामी म्हणाल्या, गं बाई, गेली. १०:१५ ला परत. या वेळी दोन पायांवर उभी राहून आत बघते, आणि तेव्हा कळतं किती लहान आहे ती, क्रेटच्या काठाला जेमतेम नाक पोचतं. मग आत उडी, आणि तोंडात एक पिल्लू धरून बाहेर. पिल्लाचे पाय तिच्या पायांत येत होते, थोडं चालून ती थांबायची, पकड नीट करायची, परत चालायची. दुसरं न्यायला ११:०२ वाजता आली. म्हणजे मी गच्चीवरून उतरलो आणि त्याच सुमारास. बायकोने काही म्हटलं नाही, हे मी तिचे उपकार समजतो.

टोळीतल्या बाईने क्लिप दोनदा बघितली. "दोन्ही नेली ना?" एवढंच विचारलं आणि कामाला गेली. तो ठेवलेला पट्टा त्यांनी नऊपर्यंत तोडूनसुद्धा टाकला. गार्ड म्हणाला आई त्यांना शेजारच्या उभ्या उसात किंवा ओढ्याच्या झाडीत घेऊन गेली असणार, पुढे तिथली तोड येईल तेव्हा पिल्लं पळण्याएवढी झालेली असली म्हणजे मिळवली.

दिवसभर शिवनेरी. त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी एवढंच म्हणतो की रविवारी जाऊ नका आणि गेलात तर आठच्या आत पायऱ्यांपाशी असा. वरून पाहिलं तर सगळीकडे हिरवे चौकोन. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, त्यांचे कालवे आले आणि त्यामागून ऊस आला. ऊस बारा ते अठरा महिने जागचा हलत नाही. गडद सावली, आत पाणी, उंदीर भरपूर, माणूस आत शिरत नाही, मग बिबट्याने, बाऊलने आणि वाघाटीने त्याला जंगल समजलं तर त्यांचं काय चुकलं. वाघाटी खाते काय तर उंदीर, छोटे पक्षी, सरडे, बेडूक, किडे. शेतकऱ्याला तिचा फायदाच आहे. कोंबडीचं पिल्लू उचललं असं कधी कधी ऐकू येतं, पण मामींचं म्हणणं त्याचा हिशोब मुंगसाच्या नावावर आधीच लावलेला असतो.

रात्री मामाची पाळी होती. थ्री-फेज लाईट आठवड्याने दिवसा-रात्री अशी बदलते, त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून दहा वाजता गव्हाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, जायचं. मी येतो म्हटलं. मामी नको नको म्हणत होत्या, मुलीला तर अंगणाबाहेर पाय टाकायला बंदी. शेवटी मामा, मी आणि शेजारचे काका असे तिघं, हातात घुंगरू बांधलेल्या काठ्या, आणि काकांच्या खिशात मोबाईलवर मोठ्याने अभंग चालू. बिबट्याला आवाज ऐकू आला की तो बाजूला होतो म्हणून. आता एवढ्या आवाजात वाघाटी कशी दिसणार, पण मी तोंड उघडलं नाही, कारण ते दोघं रोज तिथे जातात आणि मी एक दिवस.

पाणी सोडलं, मामा फावड्याने दारं फोडत पुढे, मी टॉर्च धरून मागे. बांधावरच्या उंबरावर दोन डोळे चमकले, माझा श्वास अडकला, मामा म्हणाला कांडेचोर आहे तो, म्हणजे उदमांजर, उंबर पिकला की रोज येतो. लांब शेपटी, काळपट तोंड, आरामात फांदीवरून चालत गेला. मातीच्या रस्त्यावर एक रातवा पक्षी बसला होता, जवळ जाईपर्यंत हलला नाही. मामा म्हणाला तो जे मांजरासारखं बघतो ते बहुतेक याच बांधावर, बाराच्या पुढे, एकटा असताना. कधी झाडावरून उतरताना दिसतं. वाघाटी झाडावर सराईत चढते, दिवसा ढोलीत किंवा दाट झुडपात झोपते, हे मी सकाळीच वाचलं होतं, मामाने मात्र काही न वाचता सांगितलं.

एक वाजता परत निघालो तेव्हा पाणी मुरलेल्या कडेला चिखलात ठसे होते. ताजे. चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत, म्हणजे मांजराच्या कुळातलं, कुत्र्याचं असतं तर नखं उठली असती. ठसा रुपयाच्या नाण्याएवढा. मी वाकून फोटो काढले, बाजूला नाणं ठेवून, अगदी शास्त्रशुद्ध. दुसऱ्या दिवशी गार्डला पाठवले तर त्याचं उत्तर आलं, "लहान मांजर असेल नाहीतर वाघाटी, ठशावरून नाही सांगता येणार साहेब." गावातली मांजरंही रात्री शेतातच असतात. आणि ही एक काळजीची गोष्ट आहे, गावमांजरांचा आणि वाघाटीचा संकर होत असावा अशी अभ्यासकांना शंका आहे, शिवाय त्यांचे आजारही हिला लागू शकतात. म्हणजे बिबट्याच्या नावाने लोक हिला घाबरतात, मांजराच्या नावाने पाळायला नेतात, आणि उरलंसुरलं खरं मांजर करतं.

(टीप: उसाच्या भागात अंधारात हौस म्हणून फिरू नका, मी गेलो ते तिथल्या दोन माणसांबरोबर आणि तरी परत येईपर्यंत पाठ घामाने ओली होती. पोरांना अजिबात नाही. शेकोटीला बसायचं तर भिंतीला पाठ लावून. घरात राहायची सोय नसेल तर जुन्नर, नारायणगाव, ओतूरला साधी लॉज आहेत, कृषी पर्यटनवाले पण आहेत. कान झाकणारी टोपी विसरू नका.)

सोमवार

सकाळी शाळेत झेंडावंदन. मामा गावचा जुना पंच असल्याने आम्हालाही खुर्ची. मुख्याध्यापक बाईंनी भाषणात बिबट्यापासून कशी काळजी घ्यायची ते सांगितलं, एकटं जायचं नाही, वाकून बसायचं नाही, आणि शेवटी त्या म्हणाल्या की परवा आपल्या गावात वाघाटीची पिल्लं सापडली, कुणी बघितली? निम्म्या वर्गाने हात वर केला. वाघाटी कशी ओळखायची विचारलं तर पहिल्या ओळीतला एक मुलगा उठून म्हणाला, कपाळाला दोन पांढऱ्या रेघा. गार्ड शनिवारी बोलत होता तेव्हा तो त्या पन्नास पावलांवर उभा होता म्हणे. माझ्या मुलीने हात वर करून सांगितलं की तिने मोठी पण बघितलीय, शुक्रवारी, डिंगोऱ्याजवळ, जाड शेपटीची, पण बाबांना ते मांजर वाटलं. सगळी शाळा हसली. मी लाडू खाल्ला.

आणि तेव्हा मला डॅशकॅम आठवला! अरे, शुक्रवारची क्लिप त्यात असणारच की. उजव्या बाजूला ऊस, हेडलाईट, सगळं. दोन सेकंद का होईना, शेपटी, अंग, माप, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीशी तुलना करता येईल. दुपारी जेवून निघालो ते मी माळशेजला थांबलोसुद्धा नाही, बायको भज्यांसाठी थांब म्हणत होती. मामींनी डिकीत भरलेली उसाची मोळी आणि गव्हाचं पोतं गल्लीत उतरवायच्या आधी मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं.

शुक्रवारची एकही फाइल नव्हती. कार्ड भरलं की हे यंत्र जुनं पुसून त्यावर नवीन रेकॉर्ड करतं. गाडी तीन रात्री गोठ्याकडे तोंड करून उभी होती, पार्किंग मोड चालू, आणि गोठ्यात मामाची गाय. ती रवंथ करायची, मान हलवायची, शेपटीने माशा वारायची, आणि दर वेळी कॅमेरा जागा व्हायचा. कार्डात होत्या त्या दोनशे सात फाइल्स, त्यात आमच्या परतीच्या रस्त्याच्या सोडल्या तर बाकी सगळ्या गाईच्या.

मी डिलीट करणार होतो. मुलीने करू दिलं नाही. तिचं म्हणणं, गाईच्या मागे गोठ्याची भिंत दिसते, भिंतीपलीकडे ऊस आहे, रात्री तिथून काही गेलं असेल तर दिसेल. आता रोज गृहपाठ झाला की ती दहा फाइल्स बघते. काल चौऱ्याऐंशीवी झाली. त्याच्या आधीच्या एकीत पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी भिंतीपाशी काहीतरी वाकलेलं हललं, ती किंचाळत स्वयंपाकघरात आली, आम्ही तिघांनी झूम करून बघितलं. मामी होत्या, बंबासाठी गोवऱ्या काढत होत्या.